कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या बाईंचा वाचनवर्ग: पोरगं पाचवीत राहिलं असंल तर आधी इथं जावा

सरळ सांगतो. तुमचं पोरगं तिसरी ते पाचवीत असंल, बोलायला एक नंबर, दुकानात पाठवलं तर सुट्टे बरोबर मोजून आणणारं, पण पुस्तक उघडलं की लगेच तहान लागणारं नाहीतर पोट दुखणारं, तर मोठ्या क्लासची फी भरायच्या आधी एकदा या बाईंकडं जाऊन या. मिरजकर तिकटीवरनं खासबागेकडं येताना आतल्या गल्लीत एका जुन्या घराच्या माडीवर वर्ग भरतो. बोर्ड नाही, जाहिरात नाही. बाई निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी नाव टाकू नका म्हणून सांगितलंय म्हणून टाकत नाही, पण गल्लीत वाचनाच्या बाई म्हणून विचारलं की कुणीबी जिना दाखवतंय. पाचपैकी साडेचार स्टार देतो, अर्धा का कापला ते खाली लिहिलंय.

आमचा थोरला यंदा पाचवीत नापास झाला. आमच्या वेळी दुसरी-तिसरीतबी पोरं राहायची, त्यात कुणाला नवल नव्हतं. पण मधली बरीच वर्षं प्राथमिक शाळेत कुणी नापासच होत नव्हतं, कारण २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासनं लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणालाच त्याच वर्गात ठेवायचं नाही असं ठरलं, प्रगतीपुस्तकावर 'वर्गोन्नत' एवढंच यायचं, लोक त्याला ढकलपास म्हणायला लागले. मग २०१९ ला केंद्रानं कायदा बदलला, पाचवी नि आठवीला पोरं मागं ठेवायची का नाही ते राज्यांवर सोडलं, आणि आपल्या राज्यानं डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा परत आणली. विषयाला ३५ टक्के पाहिजेत, नाही पडले तर फेरपरीक्षा, तिथंबी नाही जमलं तर परत तोच वर्ग. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे म्हणून हे कागद माझ्या डोळ्याखालनं गेले, बाकी बऱ्याच पालकांना एप्रिल उजाडला तरी पत्ता नव्हता, त्यांच्या डोक्यात अजून तेच, आठवीपर्यंत कोण अडवतंय.

आता यंदा राहिलेली पोरं कोण आहेत ते जरा बघा. २०२५ ला पाचवीची परीक्षा दिलेली पोरं जून २०२० ला पहिलीत गेलेली. म्हणजे कोरोनामुळं अख्खी पहिली घरात. खालचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला, तोवर दुसरीचं निम्मं वर्ष संपलेलं, परत जानेवारीत काही दिवस शाळा बंद. काना, मात्रा, वेलांटी जिथं पक्की व्हायची ते दिवस मोबाईलवर आलेल्या पीडीएफमध्ये गेले, घरात फोन एकच आणि तो माझ्याबरोबर कंपनीत. तिसरीत शाळा नीट लागली तेव्हा हातातलं पुस्तक तिसरीचं आणि पोरगं पहिलीच्याबी अलीकडं. हे फक्त आमच्या घरातलं नाही. असरचा सर्वे करणारे लोक गावोगावी घरात जाऊन पोरांना वाचायला लावतात, त्यांच्या आकड्यात २०१८ ला देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या पोरांपैकी निम्म्यांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत होता, २०२२ ला ते ४३ टक्क्यांच्या आसपास घसरलं आणि २०२४ ला ४९ च्या जवळ परत आलं. म्हणजे सावरून सावरून गाडी कुठं आली तर निम्म्यावर.

मी शिरोलीला फौंड्रीत कामाला आहे. कास्टिंगच्या आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, राहिला असंल तर वरनं कितीबी चकाचक मशिनिंग करा, तो कुठंतरी उघडा पडतोयच. पोरगं पाचवीत नापास झालं म्हणून लोक पाचवीचा अभ्यास घ्यायला बसतात, गाईड आणतात, प्रश्नपेढी पाठ करून घेतात, पण बिघाड पाचवीतला नसतोच. तो दुसरीतला असतो. बाईंच्या वर्गाची मला पटलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, त्या पोराला इयत्ता विचारतच नाहीत.

ह्याच्या आधी आम्ही काय केलं तेबी सांगतो. चौथीला एका मोठ्या क्लासला घातलेला, नाव लिहीत नाही. वर्षाची फी एकरकमी १२,००० घेतली, एसीची खोली, बॅगेवर क्लासचं नाव, आणि आत काय तर एका खोलीत चाळीसएक पोरं नि फळ्यावरचं उत्तर उतरवून घ्यायचं. वही बघितली तर अक्षर सुरेख, उत्तरं बरोबर. त्याच वहीतलं त्यानंच लिहिलेलं वाक्य वाच म्हणलं तर गप्प. बघून उतरवणं म्हणजे चित्र काढल्यागत असतंय, वाचायची गरजच पडत नाही. विचारायला गेलो तर "मुलगा लक्ष देत नाही, बडबड फार करतो" एवढंच. फी परत मागितली तर नियम दाखवला.

बाईंकडं पहिल्या दिवशी चाचणी झाली, आम्ही दोघं शेजारीच बसलेलो. चार कार्डं. एकावर सुटी अक्षरं, एकावर साधे शब्द, एकावर पहिलीच्या पातळीच्या चार ओळी, शेवटच्यावर दुसरीची छोटी गोष्ट. असरवाले जी चाचणी घेतात तशीच. आमच्या पठ्ठ्यानं अक्षरं फाडफाड म्हणली, शब्द अडखळत, आणि चार ओळींच्या कार्डावर थांबला. बाईंनी काही लिहून घेतलं, "बरं बाळा, उद्या ये" म्हणाल्या, आणि आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की ह्याला जोडाक्षरं, रफार नि अनुस्वार येत नाही, बाकी डोकं चांगलं आहे, ऐकलेली गोष्ट तो पूर्ण परत सांगतोय. इतकी वर्षं शाळेत पाठवतोय पण पोराला नेमकं काय येत नाही हे आम्हाला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं.

वर्गात गट आहेत, त्यांना इयत्तेची नावं नाहीत. पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांची आहेत, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. कासारीत अक्षरं-शब्द, भोगावतीत सलग गोष्ट वाचणारी पोरं. त्यामुळं पाचवीतलं उंच पोरगं तिसरीतल्या बारक्यासोबत सतरंजीवर बसलं तरी त्याला कुणी 'खालच्या वर्गात बसवलंय' असं म्हणत नाही, आणि एका गटातनं दुसऱ्यात जायला वर्ष लागत नाही, वाचता आलं की त्याच आठवड्यात उचलून पुढच्या गटात. ही पद्धत बाईंनी शोधलेली नाही, त्या स्वतःच सांगतात. 'प्रथम' नावाच्या संस्थेनं इयत्ता न बघता पातळीप्रमाणं बसवून शिकवायचं काम देशभर नेलंय, आणि मागं पडलेल्या पोरांना वेगळं बसवून शिकवलं तर फरक पडतो का ह्याचा अभ्यास अभिजित बॅनर्जी नि एस्थर डफ्लो यांनी मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत केला होता, ज्यांना २०१९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच. फरक पडला होता. आमच्या पेठेतल्या एका माडीवर तेच चाललंय, कुठल्या अनुदानाशिवाय.

वाचायला काय देतात ते सांगितलंच पाहिजे, कारण पोरं टिकतात ती त्याच्यामुळं. बाईंकडं बुटाचा एक खोका आहे, त्यात पेपरातली फुटबॉलची कात्रणं. कोल्हापुरात डिसेंबर ते मे काय वातावरण असतंय ते इथल्या माणसाला सांगायला नको, शाहू स्टेडियमवर मॅच म्हणजे पेठेतलं बारकं पोरगंबी आकडेवारी सांगतंय. त्यांनी आमच्या पोराला एक कात्रण दिलं, त्यानं वाचलं "पुवाधात". बाई म्हणाल्या, "वा च्या डोक्यावर कोण बसलंय बघ." "र." "मग त्याला आधी हाक मारायची, नंतर वा. आणि ध च्या डोक्यावर?" परत र. त्यानं बोट ठेवून सावकाश पू, र्वा, र्धात असं तोडलं, मग जोडलं, आणि पूर्वार्धात गोल झाला नाही हे कळल्यावर गोल कुणी मारला ते बघायला पुढचं सगळं कात्रण कुणी न सांगता वाचत गेला. अडखळत, पण थांबला नाही. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. चौथीपर्यंत ह्या पोरानं स्वतःहून एक ओळ वाचलेली मी बघितली नव्हती.

र ची गोष्ट म्हणजे बाईंचा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे. सूर्य, प्रकाश, ट्रक, दऱ्या, चारी ठिकाणी र वेगळा दिसतो, आणि पहिली-दुसरी चुकलेली पोरं इथंच अडकतात म्हणतात. त्यासाठी त्यांनी जिल्ह्यातल्या गावांची कार्डं केलीत, एसटीच्या पाट्यांसारखी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात. गडहिंग्लज वाचता आलं की तुझं निम्मं मराठी झालं असं पोरांना सांगतात, कारण त्यात अनुस्वारबी आहे नि जोडाक्षरबी. कुरुंदवाड, हातकणंगले, इचलकरंजी, नृसिंहवाडी. नृसिंहवाडीला सगळी अडकतात. आमचा आता स्टँडवर गेलं की एकेक पाटी वाचत सुटतो, बारक्या बहिणीलाबी वाचायला लावतो.

पोरं मारायला बाईंकडं मनाई आहे, पालकांनीसुद्धा मारायचं नाही असं पहिल्याच दिवशी कबूल करून घेतात. शाळेत मारायला कायद्यानं बंदी आहेच, शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम तेच सांगतंय, पण खरं काय चालतंय ते सगळ्यांना माहीत आहे आणि मार बहुतेक मुलग्यांनाच बसतोय.

आता माझ्या मनात बसलेला मुद्दा. वर्गात गेलो की दिसतं, मुलगेच जास्त. पहिल्यांदा वाटलं पालक पोराच्या शिकवणीला पैसे काढतात नि पोरीच्या नाही, तेबी असंल थोडं, पण फक्त तेवढंच नाही. युनेस्कोचा २०२२ चा अहवाल आहे, मुलगे शाळेत मागं का पडतात ह्याच्यावरच, त्यात ज्या १४२ देशांची माहिती मिळाली त्यातल्या १३० देशांत प्राथमिक शाळेत त्याच वर्गात परत बसणाऱ्यांत मुलींपेक्षा मुलग्यांचं प्रमाण जास्त आहे. कारणं त्यांनी दिलीत ती वाचताना मला आपलीच गल्ली दिसत होती. मार, लवकर कामाला लागणं, आणि अभ्यास करणं हे पुरुषासारखं नाही अशी लहानपणापासनं डोक्यात बसलेली समजूत. आमच्याकडं पोरगी सहा वाजता घरात पाहिजे, मग ती दप्तर उघडते, आई भाकरी थापता थापता पाढे म्हणून घेते. पोरगं गल्लीत, मैदानावर, तालमीत, गणपतीत महिनाभर मांडवात, रात्री नऊला आलं की जेवून आडवं. "पोरगा आहे, करंल काहीतरी" हे वाक्य मी किती घरात ऐकलंय. काहीतरी म्हणजे काय ते मला शिरोलीत रोज दिसतंय, आठवी-नववीत शाळा सुटलेली पोरं मोठी झाली की हेल्पर म्हणून येतात, हाताला हुशार, पण मशीनवरची सूचना वाचायची म्हणलं की दुसऱ्याकडं बघतात आणि मग तिथंच राहतात. ऑपरेटर होत नाहीत.

बाईंना हा मुद्दा बोलून दाखवला तर त्यांनी एक दुरुस्ती सांगितली. पोरीलाबी कित्येकदा तेवढंच कमी येतं, पण ती गप्प बसून नीट उतरवून घेते, वही स्वच्छ ठेवते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मुलग्याचा दंगा दिसतो, त्याला वांड म्हणून शिक्का बसतो, आणि दंगा कशासाठी करतोय हे बघायचं राहून जातं. वाचायची पाळी आली की हा मुद्दाम शेजाऱ्याला चिमटा काढतो, बाहेर काढलं की सुटला. आमच्या थोरल्याचं अगदी हेच चाललेलं.

अजून एक चांगली सवय म्हणजे घेतल्या घेतल्या डोळे नि कान तपासून या म्हणतात. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं त्याचं कार्ड असंल तर तेबी बघतात. एका पोराला सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, पाठवलं, त्याला चष्मा लागला आणि त्याचं निम्मं दुखणं तिथंच गेलं. एका पोराला मात्र महिनाभर शिकवून बाईंनी स्वतः पालकांना बोलवून सांगितलं की हा माझ्या हातातला विषय नाही, ह्याला अध्ययन अक्षमता असू शकते, तज्ञाकडनं तपासून घ्या. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे, प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलत मिळते. फी बुडाली तरी चालंल पण पोर चुकीच्या जागी ठेवायचं नाही, असा मोठा क्लास मला दाखवा.

अर्धा स्टार कापला तो गणितासाठी. गणित बाईंच्या सूनबाई घेतात, फक्त शनिवार-रविवार, शिकवतात चांगलं पण वेळ कमी पडतो. हातच्याची वजाबाकी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडवून शिकवतात, संख्या वाचायला दोन्ही पद्धती चालतात, बहात्तर म्हणा नाहीतर सत्तर दोन म्हणा. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात तसं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण अडलेल्या पोराला ते खरंच सोपं जातं हे मी घरात बघितलं, बहात्तर ऐकून २७ लिहिणारं पोरगं सत्तर दोन ऐकलं की चुकत नाही. तरी भागाकारापर्यंत पोचायला आमच्याकडं दिवस नव्हते. निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, आणि मधल्या काळात जादा मार्गदर्शन द्यायचं असं कायद्यातच लिहिलंय, पण मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या पोराच्या वाट्याला आली ती प्रश्नपेढीची झेरॉक्स. समितीच्या बैठकीत मी हा विषय काढलाय, पुढच्या वर्षी सुट्टीत रोज तासभर तरी वर्ग भरलाच पाहिजे, नाहीतर फेरपरीक्षेला अर्थ काय राहिला, जे एप्रिलमध्ये येत नव्हतं ते जूनमध्ये कुठनं येणार.

तर फेरपरीक्षेत भाषेत पास झाला, गणितात राहिला. म्हणजे यंदा परत पाचवीच. हे वाचून काही जण म्हणतील मग क्लासचा उपयोग काय. बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलेलं की पास करून देते असं मी म्हणणार नाही, वाचायला शिकवते. ते त्यांनी केलं. पण नुसतं त्याच वर्गात परत बसवून काही होत नाही हेबी मला आता दिसतंय, पुस्तक तेच, बाक तोच, शेजारी एक वर्षानं लहान पोरं, जुने दोस्त सहावीत, मधल्या सुट्टीत हा एकटाच कट्ट्यावर. वर्गात राहिलेल्या पोराला वेगळं काय शिकवायचं हे शाळेकडं ठरलेलं नसंल तर त्याचं एक वर्ष नुसतं वयात धरलं जातंय. शाहू महाराजांनी १९१७ ला ह्याच संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत नि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला, त्या काळात. आज पोरं रोज शाळेत जातात, हजेरीपट भरलेला असतो, आणि त्याच गावात पाचवीच्या पोराला चार ओळी वाचता येत नाहीत हे मला सहन होत नाही.

बाकी माहिती. फी महिन्याला ७००, महिन्याच्या महिन्याला, दोन भावंडं असतील तर दुसऱ्याचे निम्मे. पावती मिळत नाही, वहीत सही करतात. वेळ संध्याकाळी साडेपाच ते सात, सकाळची शाळा असणाऱ्यांसाठी दुपारची छोटी बॅच. इंग्रजी शिकवत नाहीत, गृहपाठ करून देत नाहीत, ते डोक्यातनं काढून टाका. रोज रात्री पालकानं पंधरा मिनिटं पोराचं वाचन ऐकायचं ही अट आहे, आणि त्या विचारतात, सेकंड शिफ्ट असंल तर आई, आजी, कुणीबी चालतं पण माणूस पाहिजे, फोन नाही. आमच्या आईला वाचता येत नाही, ती नुसती ऐकते आणि मग पुढं काय झालं विचारते, बाईंना तेबी चालतंय. जिना अंधारा आणि चढणीचा आहे, म्हाताऱ्या माणसांनी सोडायला आलं तर खालनंच हाक मारावी. गाडी लावायला गल्लीत जागा नाही, खासबागेच्या बाजूला लावून चालत या.

एका गटात आठच्या वर पोरं घेत नाहीत म्हणून जूनमध्ये जागा मिळत नाही, दिवाळीच्या सुट्टीनंतर थोड्या रिकाम्या होतात. पाचवीची परीक्षा एप्रिलमध्ये असती, तेव्हा पोरगं आत्ता चौथीत असंल तरी आत्ताच जाऊन चार कार्डांची चाचणी करून घ्या, चाचणीचे पैसे घेत नाहीत. आणि गणित कच्चं असंल तर सूनबाईंना पहिल्याच दिवशी सांगून शनिवारची जागा धरून ठेवा, आम्ही ती दोन आठवड्यांनी मागितली तेव्हा भरली होती.